स्वस्तातली हार्डटेल घेताना पुढच्या चिमट्यावर जास्त वेळ घालवा

पुढच्या चिमट्यात (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांत) शॉकअप आणि मागे साधी कडक फ्रेम असते, ती हार्डटेल. ४० हजारांच्या आत एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांवर चालवायची सायकल घ्यायची असेल तर हीच घ्या. तेवढ्याच पैशात मागेही स्प्रिंग लावलेली सायकल मिळते, पण तिथे पैसा सांध्यांवर आणि जादा वजनावर खर्च झालेला असतो आणि ब्रेक, चाकं, बेअरिंग यांत काटछाट केलेली असते. वेताळ टेकडीच्या चढावर ते वजन ओढायचं आणि उतारावर भरवसाही ठेवता येत नाही, हा सौदा करू नका.

पुण्यात बरीच वर्षं ओळखीपाळखीतले लोक सायकल घेताना मला सोबत नेतात. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: गियर किती? हा प्रश्न डोक्यातून काढून टाका. २१ गियर म्हणजे पुढे तीन आणि मागे सात चक्रं, आणि त्यातले बरेच गियर जवळपास सारखेच पडतात. पुढे एकच आणि मागे नऊ चक्रं असलेली सायकल टेकडीवर जास्त कामाची. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा पुढचा डिरेलरच नाही, त्यामुळे तो बिघडणार नाही आणि चेनही कमी वेळा उतरेल.

गियर मोजण्यापेक्षा मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) चक्रं कशी बसवलीत ते बघा. स्वस्त सायकलींना बहुधा आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग चाकाच्या मध्याकडे सरकलेलं असतं, म्हणून एक्सेलचा उजवा भाग आधाराविना राहतो आणि दगडांवरून आपटत उतरलं की वाकतो. कॅसेट म्हणजे हबवर सरकवून बसवलेली चक्रं, तिच्या हबमध्ये बेअरिंग पार टोकाजवळ असतं. ओळखायचं असं: मागची चक्रं हाताने उलटी फिरवा आणि एक्सेलभोवतीच्या दातेरी खोबणीकडे बघा. खोबण चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट, जागच्या जागी राहिली तर फ्रीव्हील. टेकडीवर न्यायची असेल तर कॅसेटच हवी, याबाबतीत मी तडजोड करत नाही.

साइझसाठी दोन गोष्टी पुरतात. सायकल पायांत घेऊन उभं राहिल्यावर वरच्या नळीच्या वर चार बोटं तरी जागा उरली पाहिजे, आणि पॅडलवर उभं राहून वळताना गुडघा हँडलला लागता कामा नये. दोन साइझच्या मध्ये अडकलात तर दोन्ही चालवून बघा, उंचीचा तक्ता हातांची लांबी मोजत नाही.

ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्कच घ्या. शिमानोचे एमटी२०० स्वस्तातले आहेत आणि पुरेसे आहेत. लिव्हर जोरात दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. ती हळूहळू हँडलकडे सरकत गेली तर तेल गळतंय किंवा नळीत हवा शिरली आहे.

आता पुढचा चिमटा. दुकानात त्याला कोणी फोर्क म्हणेल, कोणी शॉकअप. लोक हँडलवर तळवे ठेवून दाबतात, चिमटा खाली गेला की ‘मऊ आहे’ म्हणतात आणि पुढे सरकतात. खाली जाणं कुठल्याही स्प्रिंगला जमतं, बघायचं असतं ते वर येणं. पूर्ण दाबा आणि हात झटकन उचला. चाक जमिनीवरून उडालं किंवा शेवटी टक् असा आवाज आला, तर स्प्रिंगचा परतीचा वेग रोखणारं आत काही नाही. उतारावर लागोपाठ तीन दगड आले की असा चिमटा प्रत्येक दगडाला हँडल अंगावर फेकतो, आणि तिसऱ्या दगडापाशी पुढचं चाक हवेत असतं. ते हवेत असताना ना ब्रेक लागतो, ना सायकल वळते.

या किमतीत एसआर सनटूर कंपनीचे एक्ससीई, एक्ससीटी आणि एक्ससीएम हे चिमटे वारंवार दिसतात. तिन्हींत लोखंडी स्प्रिंग असते, सरासरी वजनाच्या माणसाला धरून बसवलेली. पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलीला ती जेमतेम दबते, नव्वद किलोच्या माणसाखाली तळाला आपटते. वजन या दोन टोकांना असेल तर हवेचा चिमटा असलेली जुनी सायकल शोधा. पंपाने हवा कमी-जास्त करून तो आपल्या वजनाला बसवता येतो. वजनाला बसला का ते तपासायला चिमट्याच्या वरच्या चकचकीत नळीला झिप-टाय गुंडाळून रबरी सीलपर्यंत खाली सरकवा, सावकाश सायकलवर बसा आणि तसेच सावकाश उतरा. १०० मिलिमीटर दबणाऱ्या चिमट्यात झिप-टाय साधारण २० मिलिमीटर वर सरकलेली असावी.

मी फसलो तो याच्या पुढच्या पायरीवर. पहिली हार्डटेल मी जुनी घेतली. पुढचा ब्रेक धरून पुढे-मागे हलवली की बारीक खटका लागायचा. विकणारा म्हणाला, वाटी (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिली झालीय, आवळली की झालं. मी आवळली. खटका राहिला म्हणून आणखी आवळली. महिनाभरात हँडल सरळ असताना मधोमध अडकून बसायला लागलं, कारण जास्त दाबामुळे छर्‍यांनी वाटीत खळगे पाडले होते. खटका तरीही होताच. तळजाईच्या उतारावर हँडल एक सांगतंय आणि चाक दुसरंच करतंय असं जाणवायला लागलं, तेव्हा मी चिमटा उघडून घेतला. आतली बुशिंग, म्हणजे वरची नळी खालच्या नळीत न डगमगता सरकू देणारी कडी, झिजली होती. चांगली वाटी मी उगाच घालवली होती.

हा खटका चार ठिकाणांहून येऊ शकतो आणि हँडलवर चारही सारखेच लागतात. म्हणून एकेक वगळत जायचं, आणि क्रम मोडायचा नाही.

आधी चाकाचा क्विक रिलीज (चाक आवळणारी खिटी) घट्ट असल्याची खात्री करा. मग पुढचं चाक उचलून रिम डावी-उजवीकडे हलवा. खटका लागला तर तो हबचा, एक्सेलवरचे कोन (बेअरिंग दाबून धरणारे नट) आवळून बहुधा सुटतो.

मग ब्रेक सोडा, चाक भिंतीला टेकवा आणि हँडल धरून सायकल पुढे-मागे करा. डिस्कचे पॅड त्यांना धरणाऱ्या कॅलिपरमध्ये किंचित सैल असतात आणि ब्रेक धरल्यावर तेही टक करतात. ब्रेक न धरता खटका नाहीसा झाला, तर तो पॅडचा होता. तो विसरून जा.

भिंतीशीही खटका राहिला तर हँडल काटकोनात वळवा. पुढचं चाक आडवं असताना सायकल पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं खालच्या वाटीवर ठेवा. आता खटका लागला तरच वाटी ढिली आहे. हे एवढं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर पुढचं नुकसान टळलं असतं.

आडव्या चाकावर खटका नाही आणि सरळ चाकावर आहे, तर राहिली बुशिंग. हँडल सरळ करून ब्रेक धरा. वरची नळी खालच्या जाड नळीत शिरते तिथल्या रबरी सीलवर अंगठा असा ठेवा की अर्धा वरच्या नळीवर आणि अर्धा सीलवर येईल. सायकल हलवा. बुशिंग गेलेली असेल तर एक नळी दुसरीत हलतेय हे अंगठ्याला स्वच्छ कळतं. चिमट्याच्या दोन्ही पायांना हेच करा. स्वस्त चिमट्यात नवा असतानाही केसभर हालचाल असते, ती चालेल. नखाच्या जाडीएवढी असेल तर चिमटा संपला असं धरा आणि नव्या चिमट्याची किंमत सायकलच्या किमतीतून वजा करूनच बोलणी करा. एवढ्या स्वस्त चिमट्याची बुशिंग बदलत बसणं परवडत नाही.

नवा चिमटा बसेल का, हे हेड ट्यूबवर (फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीवर, जिच्यात चिमट्याची दांडी शिरते) ठरतं. हल्लीचे बहुतेक चांगले चिमटे टेपर्ड असतात, म्हणजे त्यांची दांडी वर १⅛ इंच आणि खाली १½ इंच. हेड ट्यूब खाली स्पष्ट रुंद झालेली असेल तर प्रश्न नाही. वरपासून खालपर्यंत सरळ असली, तरी आतून ४४ मिलिमीटर असेल तर खालची वाटी बदलून टेपर्ड चिमटा बसतो. सरळ आणि बारीक असेल तर पुढे चांगला चिमटा मिळणं अवघड. अशी सायकल केवळ रस्त्यासाठी घ्या, टेकडीसाठी नको.

चिमट्याच्या वरच्या नळ्यांवरून नखही फिरवून बघा. गंजाचे ठिपके किंवा नख अडकेल असा ओरखडा सील कापतो आणि पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी जातं.

बाकी भरभर उरकतं. फ्रेम फडक्याने पुसून सगळे वेल्ड बघा. हेड ट्यूबच्या मागे फ्रेमच्या खालच्या नळीवर रंगाला सुरकुती असेल तर सायकल समोरून आदळलेली आहे, ती घेऊ नका. चाक फिरवून आऊट (वाकडेपणा) बघा, थोडा असेल तर मेकॅनिक काढून देतो. चेनचे १२ जोड (एक बाहेरची आणि एक आतली कडी मिळून एक जोड) पट्टीने मोजा: नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच जास्त भरले तर नवी चेन, १/८ जास्त भरले तर बहुधा कॅसेटही.

जुनी सायकल असेल तर ती उलटी करून पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या एक्सेलखाली कोरलेला फ्रेम नंबर बिलाशी ताडून पाहा. नंबर घासलेला असेल तर पैसे देऊ नका.