रोजच्या कामासाठी कडक निबचं फाउंटन पेन

फॉर्म भरणं, सह्या, भराभर टिपणं, कधी कार्बन कॉपी: अशा कामाला लवचीक निब नको. हात जड असेल तर तिच्या फाका (टोकाचे चिरलेले दोन भाग) पसरतात, रेघ जाड होते, आणि एकदा मर्यादेपलीकडे वाकल्या की पूर्ववत होत नाहीत.

सोन्याची म्हणजे मऊ, हा गैरसमज. १४ कॅरटची निबही खिळ्यासारखी कडक असू शकते. फरक पडतो तो जाडीने आणि आकाराने. कामापुरती स्टीलची उत्तम.

घेण्याआधी शाई भरून लिहून बघा. नेहमीपेक्षा किंचित जोर द्या. रेघेची जाडी बदलली नाही तर निब कडक. प्रत्येक शब्दाचा पहिला फटका कोरा जात असेल तर बहुधा टोक जास्त घासून गुळगुळीत केलेलं असतं. ते पेन सोडून द्या, घरी नेऊन आपोआप सुधारत नाही.

साध्या ऑफिसच्या कागदावर शाई फुटते, म्हणून एफ (फाइन, बारीक) किंवा ईएफ (एक्स्ट्रा फाइन, अतिबारीक) निब घ्या. जपानी एफ सहसा युरोपीय एफपेक्षा बारीक असते. टोपण? सतत उघडझाप असेल तर दाबून बसणारं. आट्यांचं टोपण खिशात आपोआप निघत नाही, पण दर सहीला फिरवत कोण बसणार!