हँग झालेला कंप्युटर: हॅकर शोधण्याआधी पंखा बघा

एप्रिल लागला की सोलापुरात दुरुस्तीवाल्यांकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं वाढतात. एक कूलरवाली आणि दुसरी ‘कंप्युटर हॅक झालाय’ म्हणणारी. मागच्या उन्हाळ्यात पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्याचे दिवाणजी आले. म्हणाले, “दादा, रोज दुपारी कोणीतरी आत शिरतंय बघा. दोन वाजले की स्क्रीन थिजते, माउस हलत नाही. बँकेचं सगळं त्यातच आहे.”

कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली सुताच्या तुसाचा एवढा जाड थर होता, की त्याचा नॅपकिन विणता आला असता. बाहेर बेचाळीस अंश, वर पत्रा, शेजारी माग. दोन वाजता तो प्रोसेसर थिजणार नाही तर काय करणार?

पण मी त्यांना तिथंच ‘हॅक नाही, जावा’ असं सांगितलं नाही. हँग होणं आणि हॅक होणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हींची तपासणी वेगळी करावी लागते. चोराला घरातली माणसं जागी करायची नसतात. आत शिरलेल्याला तुमचा कंप्युटर गुपचूप, सुरळीत चाललेलाच हवा असतो. म्हणून हँग होतोय एवढ्यावरून हॅक ठरत नाही. तसंच धूळ सापडली म्हणून हॅक नाही, असंही ठरत नाही.

१. हँग झाला त्या क्षणी

पॉवरचं बटण दाबून धरायची घाई करू नका. आधी कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागतोय-विझतोय तर विंडोज अजून जिवंत आहे, कुठल्यातरी कामात अडकलंय. दोन-चार मिनिटं थांबा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के दिसत असेल तर बहुतेक वेळा जुनी हार्ड डिस्क दमलेली असते. फक्त स्क्रीन थिजली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून बघा. त्यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) नव्यानं सुरू होतो.

दिवा हलतच नसेल, स्पीकरमधून एकच आवाज घर्रर्र अडकून राहिला असेल, तर अख्खं मशीन थांबलंय. असं बहुतेक हार्डवेअरनं होतं, नाहीतर ड्रायव्हरनं. (वायरलेस कीबोर्डला पुष्कळदा हा दिवाच नसतो, तिथं ही परीक्षा चालत नाही.)

स्क्रीनभर लाल इशारा, भोंगा आणि ‘या नंबरवर फोन करा’ असं आलं असेल तर तो हँगही नाही आणि हॅकही नाही. ते ब्राउझरमधलं एक पान आहे. एस्केप दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ४. त्या नंबरवर फोन मात्र करू नका. खरी चोरी तिथून सुरू होते.

२. आठ दिवस वही ठेवा

कितीला हँग झाला, काय चालू होतं, लाइट आत्ताच येऊन-जाऊन गेली होती का, एवढंच लिहा. लोकांना हे काम फालतू वाटतं, पण माझा निम्मा निदानाचा वेळ ही वही वाचवते. फक्त भर दुपारी होत असेल तर उष्णता. शेजारचे माग किंवा बोअरची मोटर सुरू होताना होत असेल तर व्होल्टेज किंवा यूपीएस. मोठी फाइल उघडताना होत असेल तर डिस्क. कधीही, काहीही चालू नसताना होत असेल तर रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) किंवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) यांवर संशय घ्या. एकाच सॉफ्टवेअरमध्ये होत असेल तर आधी त्या सॉफ्टवेअरकडे बघा. दोन अँटिव्हायरस एकत्र टाकलेले असतील तर तेच एकमेकांच्या उरावर बसलेले असतात.

३. विंडोजची स्वतःची वही

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येतं. तारखेनुसार लाल फुल्या दिसतात. तुमच्या वहीशी त्या जुळवा. आणखी खोलात जायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘सिस्टिम’ बघा. तिथं ‘डिस्क’ या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी वारंवार असतील तर डिस्क किंवा तिची केबल बोलतेय. ‘WHEA-Logger’ (व्हीया-लॉगर) दिसलं तर हार्डवेअरनंच चूक कळवली आहे. ‘कर्नल-पॉवर ४१’ पाहून मात्र घाबरू नका. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही बटण दाबून धरून बंद केलंत तरी तीच नोंद पडते.

एक गोष्ट इथंच सांगतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल-पिवळ्या खुणा धडधाकट मशीनमध्येही असतात. ‘मी कंपनीतून बोलतोय’ म्हणणारे भामटे फोनवर नेमकी हीच यादी उघडायला लावतात आणि ‘बघा किती व्हायरस’ म्हणून पैसे मागतात.

४. कॅबिनेट उघडा, पण आधी बॅकअप

कुरकुरणाऱ्या डिस्कवर कुठलीही दुरुस्ती चालवण्याआधी हिशेबाच्या फाइली बाहेर काढून घ्या. दुरुस्तीच्या नादात मेलेल्या डिस्क मी पुष्कळ पाहिल्यात.

मग प्लग काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरा, गरागरा फिरू देऊ नका. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसा आणि खटकन बसेपर्यंत दाबून लावा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर (छोट्या डब्यांसारखे उभे भाग) माथ्यावर फुगलेत का बघा. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूमॉनिटरसारखं फुकट सॉफ्टवेअर आहे. प्रोसेसर सतत नव्वदच्या पुढे असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारा लेप) बदलायची वेळ झाली. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाका. ‘कॉशन’ आलं आणि त्याचं कारण ‘पेंडिंग सेक्टर’ (डिस्कवरचा नीट वाचता न येणारा भाग) असेल तर नवीन डिस्क घ्या. ‘सीआरसी एरर’चा (डेटा वाटेत बिघडल्याच्या नोंदींचा) आकडा वाढत असेल तर आधी डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून बघा. रॅमसाठी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक रात्री लावून ठेवा. एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी बाद.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? मग अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डाही सुकतो. त्यात पाणी ओतायची आठवण कोणालाच राहत नाही. हे काम इलेक्ट्रिशियनचं, स्वतः करू नका.

५. पेनड्राइव्हची परीक्षा

सगळ्यात जास्त भरवसा मी या पायरीवर ठेवतो. दुसऱ्या चांगल्या मशीनवर सोळा जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर उबुंटू लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) चढवा (पेनड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं), त्यावरून तुमचा कंप्युटर सुरू करा आणि इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडा. आता यात तुमचं विंडोजही नाही आणि विंडोजमधला व्हायरसही नाही. ज्या वेळेला हँग होतो त्याच वेळेला दोन तास व्हिडिओ चालवून ठेवा. इथंही थिजला तर हँगचा दोष हॅकरवर ढकलू नका, पाचशे-हजार रुपये हार्डवेअरवर घाला. थिजला नाही तर दोष विंडोजमध्ये किंवा हार्ड डिस्कमध्ये, कारण उबुंटूनं ती डिस्क वापरलेलीच नसते.

६. आता हॅकची चौकशी, वेगळी

पायरी पाचमध्ये काहीही निघालेलं असो, ही करायचीच. सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेल्या ॲप्सची यादी तारखेनुसार लावा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखं दुरून कंप्युटर चालवणारं काही आहे का? ते कोणी टाकलं, हे सांगणारं माणूस कार्यालयात आहे का? ‘अदर यूजर्स’मध्ये अनोळखी खातं आहे का? विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘एक्सक्लुजन्स’ उघडा. फुकटातलं क्रॅक सॉफ्टवेअर टाकताना तिथं एखादं फोल्डर घातलं जातं, म्हणजे त्यात अँटिव्हायरस डोकावत नाही. मोबाइलवरून गुगल खात्यातली ‘युअर डिव्हायसेस’ यादीही बघा.

कोणी काम करत नसताना पंखा घोंगावतोय आणि टास्क मॅनेजर उघडताच गप्प होतोय, असं असेल तर आत कोणीतरी क्रिप्टो खणतंय, म्हणजे तुमच्या मशीनवर डिजिटल चलन कमावतंय, अशी शंका रास्त आहे. फाइलींची नावं बदलली आणि खंडणीची चिठ्ठी दिसली तर विचार करत बसू नका, नेटची वायर उपटा. पण माउस आपोआप सरकतो, तर टेबलाची काच बघा. चकचकीत काचेवर माउस भरकटतो. एकच अक्षर आपोआप उमटत राहिलं तर कीबोर्ड उलटा करून झटका. मी शेंगाचटणी काढलीय त्यातून.

शंका खरी वाटली तर विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, म्हणजे डिफेंडरचं, ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. साधारण पंधरा मिनिटं लागतात. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून, त्याच कंप्युटरवरून नाही. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार होईपर्यंत फॉरमॅट मारू नका, पुरावा पुसला जातो. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा अजून तेच वापरत असाल तर तेही मनात धरा.

दिवाणजींचं मशीन तूस काढल्यावर आणि पेस्ट बदलल्यावर एकदाही थिजलं नाही. पण सहाव्या पायरीत त्यात दुरून चालवायचं एक ॲप निघालं, कायमच्या पासवर्डसह, सात महिन्यांपासून बसलेलं. त्यानं कधी काही हँग केलं नव्हतं. दिवाणजींनी हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्या पोराला माझ्यासमोर फोन लावला. पोरगं म्हणालं, “काका, सर्व्हिसला सारखं यायला नको म्हणून टाकून ठेवलं होतं.” पासवर्ड काय ठेवलास, असं विचारलं. एक ते सहा आकडे होते, ओळीनं.