मालवणी जेवणाचे ॲप तयार करताना या चुका टाळा

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतील खाणावळींसाठी ऑर्डर घेणारी ॲप्स तयार करून देणारी मंडळी बहुधा मुंबई-पुण्याकडची असतात आणि मालवणी जेवणाशी त्यांचा परिचय एखाद्या सहलीपुरताच असतो. यात गैर काही नाही, कारण परक्या जेवणाची रीत शिकून घेता येते. मात्र पिझ्झाच्या दुकानासाठी विकला जाणारा तयार साचा उचलायचा, त्यातील छायाचित्रे बदलायची आणि आठवडाभरात ॲप मालकाच्या हाती ठेवून मोकळे व्हायचे, या घाईपायी त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा घडतात. अशी बिघडलेली ॲप्स दुरुस्तीला माझ्याकडे येतात, आणि पुढील टिपणे त्या कामातूनच निघालेली आहेत.

मेनू कायमचा ठरलेला असतो असे मानणे

ही चूक सर्वांत महागात पडते. किनारपट्टीवरील खाणावळीच्या दाराशी फळा असतो आणि त्यावर खडूने त्या दिवशीचे मासे लिहिलेले असतात. सुरमई आली की सुरमई, नाहीतर बांगडा, सौंदाळे किंवा मोरी. यांत्रिक नौकांना पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे पावसाळ्यातला फळा वेगळाच दिसतो. भावही रोज बदलतो. पापलेट आणि खेकडे आकारावर विकले जातात, म्हणून जाणत्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘आज काय आहे?’ हा असतो आणि भावाचा प्रश्न त्यानंतर येतो. तयार साच्यात मात्र पदार्थ, छायाचित्र आणि किंमत एकदा भरली की ती वर्षभर तशीच राहावी अशी रचना असते.

मालवणच्या एका खाणावळीत याचा परिणाम मी प्रत्यक्ष पाहिला. डिसेंबरअखेरची पर्यटकांची गर्दी होती, जोराचा वारा सुटल्यामुळे होड्या किनाऱ्यावरच राहिल्या होत्या आणि स्वयंपाकघरात सुरमईचा एक तुकडाही नव्हता. ॲपवर मात्र सुरमई थाळी नेहमीच्या किमतीला झळकत होती आणि लोक यूपीआयने आगाऊ पैसे भरत होते. पदार्थ बंद करण्यासाठी व्यवस्थापकाच्या खात्यात शिरून मेनू, मग विभाग, मग पदार्थ, मग बदल आणि शेवटी जतन, इतका प्रवास करावा लागत असे. खात्याचा पासवर्ड मालकांच्या मुलाकडे होता आणि तो पाहुण्यांना आणायला कुडाळ स्थानकावर गेला होता. मासे तळणाऱ्या ताईंचे हात रवा-मसाल्याने माखलेले होते, त्यामुळे टॅबलेटचा पडदा त्यांच्या बोटांना दाद देत नव्हता. अखेर वैतागून कोणीतरी राउटरची वायर काढली. त्यामुळे स्वयंपाकघरात ऑर्डरी यायच्या थांबल्या. परंतु ॲपचा सर्व्हर दूर कुठेतरी असल्याने गिऱ्हाइकांकडून पैसे घेणे मात्र सुरूच राहिले, आणि संध्याकाळपर्यंत ते कोणाच्या लक्षातही आले नाही. पुढे कित्येक दिवस पैसे परत करण्यात आणि रागावलेल्या लोकांची समजूत घालण्यात गेले.

ॲप बनवणाऱ्यांनी यावर उपाय म्हणून ‘शिल्लक नग’ नावाचा एक रकाना जोडून दिला. एका सुरमईचे किती तुकडे पडतील हे तिच्या वजनावर आणि कापणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते; सकाळी असा आकडा भरायला सांगितला तर स्वयंपाकघरातील बाई तो अंदाजाने भरणार किंवा मुळीच भरणार नाही. स्वयंपाकघरात तासभरही न थांबता सुचलेले उपाय असेच निघतात.

माझी पद्धत फळ्यावरून घेतलेली आहे. रोज पहाटे सर्व मासळी आपोआप बंद होते आणि खाणावळ जे आले असेल तेवढेच सुरू करते. सकाळी मेनू रिकामा दिसतो अशी तक्रार डिझाइन करणारे हमखास करतात. तो खरोखरच रिकामा असतो, म्हणून तसाच दिसू द्यावा. सुरू-बंद करण्यासाठी पासवर्ड न मागणारा एकच पडदा ठेवावा आणि त्यावर तळहाताएवढ्या नसल्या तरी ओल्या बोटाला सापडतील इतक्या मोठ्या चौकटी असाव्यात. किमतीच्या जागी आधी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी मर्यादा दाखवावी, स्वयंपाकघराने ऑर्डर स्वीकारताना नेमका भाव कळवावा आणि पैसे त्यानंतरच घ्यावेत. स्वयंपाकघरातील टॅबलेटशी सर्व्हरचा संपर्क काही मिनिटे तुटला, तर ऑर्डर घेणे आपोआप थांबले पाहिजे; ही सोय नसलेले ॲप मी कोणालाही वापरायला देत नाही.

मराठीत शोध चालतो की नाही हे न तपासणे

दुसरी चूक दिसायला किरकोळ, पण माझ्या मते अक्षम्य आहे. ‘तिसऱ्या’ (खाण्याच्या शिंपल्या) या शब्दातील अर्धा ऱ दोन निरनिराळ्या प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. मेनू एका कळफलकावर भरला आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्यावर टंकले, तर तिसऱ्या उपलब्ध असूनही ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर येते. युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेताच्या नेहमीच्या प्रमाणीकरणाने हा फरक मिटत नाही, म्हणून शोधापूर्वी दोन्ही रूपे स्वतःच एकाच साच्यात आणावी लागतात. ‘तिसर्या’ असे चुकीचे लिहिणारेही पुष्कळ असतात, त्यांनाही सामावून घ्यावे. त्याशिवाय प्रत्येक माशाला स्थानिक नावे जोडावीत: सुरमई शोधणाऱ्याला आणि इसवण शोधणाऱ्याला एकच पदार्थ दिसला पाहिजे, आणि कोळंबी व सुंगटे, खेकडे व कुर्ल्या यांचेही तसेच. ही यादी मासळी बाजारात बसून करावी, कारण शब्दकोशातून केलेली यादी अपुरी पडते.

याच घाईचे दुसरे रूप म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेली बटणे. त्यात मराठी मजकूर घातला की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात. ओळीची उंची वाढवावी आणि तपासणीसाठी ‘र्ज्यू’, ‘ट्ठू’ यांसारखी अवघड अक्षरे मुद्दाम घालून पाहावीत.

थाळीला सुट्या पदार्थांची बेरीज समजणे

थाळीत तळलेला मासा, तिखले किंवा आमटी, भात, भाकरी किंवा पुरीसारखे वडे आणि सोलकढी हे एकत्र येतात. गिऱ्हाइकाला त्यातील एक-दोनच गोष्टी बदलायच्या असतात, बहुतेकदा भाकरीच्या जागी वडे. पिझ्झाच्या साच्यात हेच ‘जादा पदार्थ’ म्हणून येते आणि थाळीतच असलेली सोलकढी पेय म्हणून पुन्हा गळ्यात मारली जाते. थाळी हा एकच पदार्थ ठेवावा आणि अदलाबदलीच्या जागा खाणावळीला विचारून ठरवाव्यात. सोलकढी गरम भाताशेजारी पिशवीत गेली तर तिची चव जाते, म्हणून ‘वेगळी बांधा’ ही सूचना पावतीवर आपोआप उमटावी, गिऱ्हाइकाच्या आठवणीवर सोडू नये.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगता येतील. कोंबडी-वड्यांच्या जागी मेदूवड्याचे छायाचित्र लावू नये. असे ॲप आजही सापडते. मोरीचे मटण मटणाच्या विभागात टाकू नये, मोरी हा मासा आहे. तीन मिरच्यांची चिन्हे अनोळखी माणसाला फारसे काही सांगत नाहीत. त्यापेक्षा माशात काटे किती आहेत आणि सारात तिरफळे असून ती चावायची नसतात, हे लिहिलेले अधिक उपयोगी पडते. गावठी कोंबडी आणि उकडीचे मोदक यांना आगाऊ सूचना लागते, तेव्हा सरसकट ‘तीस मिनिटांत’ असे दाखवणे खोटे आहे. संकष्टीला किंवा श्रावणी सोमवारी सुरमईवरील सवलतीचा संदेश पाठवू नये. कोणत्या वारी मासे खात नाही हे गिऱ्हाइकाने एकदाच नोंदवावे अशी सोय द्यावी. मांसाहाराचे चिन्ह 2020 च्या नियमांनुसार तपकिरी त्रिकोणाचे आहे, कारण रंग नीट न ओळखू येणाऱ्यालाही ते हिरव्या वर्तुळापासून वेगळे दिसावे. जुन्या साच्यांतील ठिपका बदलून घ्यावा.

पोहोचवण्याचे क्षेत्र नकाशावर वर्तुळ काढून ठरवणे ही कोकणात तर थट्टाच होते. देवबागच्या टोकावरून कर्ली नदीच्या पलीकडचे भोगवे डोळ्यांसमोर दिसते, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये खाडी आहे आणि ती फेरीबोटीने ओलांडावी लागते. अंतर रस्त्याचे घ्यावे आणि त्याहूनही चांगले म्हणजे खाणावळीने वाड्यांची नावे स्वतः निवडावीत.

शेवटी पावती. स्वस्त थर्मल छपाईयंत्रांना देवनागरी समजत नाही. ती एकतर प्रश्नचिन्हे छापतात किंवा कोरा कागद सोडतात. पावती आधी चित्ररूपात तयार करून मग यंत्राकडे पाठवावी. छपाईला थोडा वेळ अधिक लागतो, पण चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘बांगडा तिखले, भाकरी नको, वडे’ हे तिथल्या तिथे वाचता येते.