हेन्रिएटा बार्नेट शाळा: लेकीला पाठवायच्या आधी

लंडनला नव्याने आलेल्या मराठी घरांतून दर उन्हाळ्यात एक तरी फोन येतोच: "ताई, मुलगी इयर फाइव्हला आहे, हेन्रिएटा बार्नेटसाठी काय करायचं?" (इयर फाइव्ह म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग.) माझी लेक आता तिथे सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या टप्प्याला आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

ही सरकारी ग्रामर स्कूल, मुलींची. फी नाही. प्रवेश परीक्षेवर, आणि इयर सेव्हनच्या, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाच्या, शंभरेक जागांसाठी हजारो मुली बसतात. नोंदणी इयर फाइव्हच्या उन्हाळ्यात, पहिली फेरी सप्टेंबरात. तीत वरचा क्रमांक लागलेल्या मुलींनाच इंग्रजी-गणिताच्या दुसऱ्या फेरीला बोलावतात. आपल्या भागातल्या कौन्सिलचा (स्थानिक पालिकेचा) शाळाप्रवेशाचा फॉर्म 31 ऑक्टोबरच्या आत भरायचा, निकाल 1 मार्चला. फॉर्मवर सहा शाळा लिहिता येतात. त्या मनातल्या खऱ्या क्रमानेच लिहा. तुमचा क्रम शाळांना कळत नाही, त्यामुळे वरची हुकली म्हणून खालच्या शाळेत कुणी मागे ढकलत नाही. घराजवळची एक शाळा मात्र त्यात हवीच.

तयारीत आमची एक चूक झाली. शनिवार-रविवारचा क्लास लावला, तिथे दर आठवड्याला गुणांची यादी भिंतीवर लागायची. दोन महिन्यांत लेकीने नखं कुरतडून बोटं लाल केली. एका रात्री आकृत्यांची कोडी सोडवता सोडवता तिने विचारलं, "आई, नंबर नाही लागला तर तू रडशील का?" दुसऱ्या दिवशी क्लास बंद केला. मग रोज अर्धा तास गणित आणि झोपेपर्यंत गोष्टींची पुस्तकं, एवढंच. दहा वर्षांच्या पोरीला याहून जास्त ताणू नये, असं माझं ठाम मत आहे.

ही शाळा काढणाऱ्या बाईंविषयी मुलीला जरूर सांगा. हेन्रिएटा आणि त्यांचे पती सॅम्युअल यांनी पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम केलं. 1884 मध्ये तिथे टॉयन्बी हॉल हे समाजसेवेचं केंद्र उभं केलं. उत्तर लंडनमधल्या गोल्डर्स ग्रीनला भुयारी रेल्वे येणार म्हटल्यावर हॅम्पस्टेड हीथ या मोठ्या मोकळ्या माळरानालगतची 80 एकर जमीन बांधकामापासून वाचवायला त्या पुढे सरसावल्या. 1907 मध्ये त्या जमिनीशेजारी हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब ही नवी वस्ती आकाराला येऊ लागली. श्रीमंत आणि कष्टकरी एकाच वस्तीत राहावेत, घरांमध्ये भिंतींऐवजी झुडपांची कुंपणं असावीत, असा त्यांचा आग्रह होता. तिथली ही शाळा 1911 ची. आज त्या वस्तीतलं घर आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नाही. पण फी न भरता लेक तिथे शिकते, तेव्हा बाईंचं निदान अर्धं म्हणणं अजून खरं ठरतंय, असं वाटून माझा ऊर भरून येतो.

शाळेची इमारत वास्तुकार लुटियन्सची. पुण्याहून आलेले सासरे शाळेसमोरच्या सेंट्रल स्क्वेअर या चौकात उभे राहून किती वेळ त्या विटांकडे बघत होते! "राष्ट्रपती भवन बांधलं तोच हा?" तोच.

शाळेतलं आयुष्य अभ्यासाचं आहे, हे खरं. पहिल्याच वर्षी लेकीला धक्का बसला: प्राथमिक शाळेत कायम पहिली येणारी ती, इथे वर्गात सगळ्याच तशा. तेव्हा घरी गुण विचारणं आम्ही सोडून दिलं. मैत्रिणी लंडनभर पसरलेल्या, त्यामुळे सुट्टीत भेटायचं तर तासाभराचा प्रवास. शाळेला जायचं तर ट्यूबने गोल्डर्स ग्रीन, तिथून एच-टू ही छोटी बस.

शाळा बघायला जाल तेव्हा गाडी नेऊ नका, याच बसने जा. सबर्बमधल्या काही रस्त्यांवर तिला ठरलेले थांबे नाहीत, हात केला की थांबते. परतताना तो हात लेकीला करू द्या.