बेळगावात लॉन सपाट करताना आधी माती ओळखा

बेळगावात बदली होऊन किंवा उद्यमबागेत नोकरी लागून आलेल्या बऱ्याच कुटुंबांना अंगणाचं घर पहिल्यांदा इथंच मिळतं. फ्लॅटमधून आलेल्यांना त्याचं केवढं अप्रूप असतं! मग पहिला पावसाळा सरतो आणि लॉन खालीवर झालेलं दिसतं. कुठं पाण्याचं डबकं, कुठं टक्कल. मी २००३ साली लातूरहून इथं आलो. नवीन आलेल्या प्रत्येक घराला मी एकच सांगतो: माती टाकायची घाई करू नका, आधी ती कुठून येणार हे विचारा.

लातूरला माती म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं काळीच यायची. इथं तसं नाही. खानापूरच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती, बैलहोंगल-सौंदत्तीकडं काळी, आणि शहर मधोमध. त्यात वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात भातजमिनी. त्यामुळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तुमच्या फाटकाशी यातली कोणतीही माती येऊ शकते.

माझ्याकडं भातातली आली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, “एकदम भारी माती हाय की, शेतातली.” कसदार होती यात शंका नाही. दहाव्या दिवशी लॉनभर पोपटी कोंब वर आले. मला वाटलं, गवत फुटलं. तो लव्हाळा होता. फुलावर आला की त्याचा दांडा बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतात. उपटला की वरचं पान हातात येतं आणि खाली काळी गाठ राहते. खुरप्यानं ती काढायला गेलात तर गाठीला दोऱ्यासारखं मूळ आणि त्या मुळाला पुढची गाठ. माझी बायको आणि मी दोन वर्षं दर रविवारी खुरपत बसलो होतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून हे एवढं लांबण लावून सांगतोय.

यावर उपाय सोपा आहे. ट्रॉली ठरवण्याआधी दोन घमेली माती मागून आणा, कुंडीत भरा, ओली ठेवा आणि पंधरा दिवस थांबा. तिच्यात जे काही दडलंय ते उगवून येतं. त्यातलीच मूठभर भिजवून हातावर वळून बघा. चकलीसारखी लांब वळली गेली तर ती चिकण आहे, लॉनवर पसरायला नको.

दुसरी गोष्ट मी फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, काम करतो म्हणून ठाऊक आहे. साच्यातून निघालेली काळी वाळू कधी कधी प्लॉटच्या भरावात जाते. त्या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि कोळशाची पूड असते, काही प्रकारांत रेझिनही असतं. घर नवीन असेल आणि कितीही पाणी घातलं तरी एखाद्या पट्ट्यात गवत धरतच नसेल, तर तिथं फूटभर खणा. हाताला काजळीसारखी लागणारी वाळू निघाली तर ती उचलून बाहेर काढा आणि सहा इंच तरी चांगली माती भरा. वरून अर्धा इंच माती पसरून हे दुखणं बरं होत नाही.

मिश्रण मी असं करतो: दोन भाग चाळलेली तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. कच्चं शेण अजिबात नको. वाळूच्या नावाखाली क्रशरची भुकटीही घेऊ नका, ती पाणी पडलं की घट्ट बसते. तुमच्या अंगणातली मूळ माती काळी असेल तर ती उन्हाळ्यात भेगाळणार, पावसात फुगणार, त्यामुळं दरवर्षी थोडी डागडुजी धरूनच चाला. हिशेब मात्र अवघड नाही. १००० चौरस फुटांवर अर्धा इंच थर द्यायचा तर ४२ घनफूट माल लागतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणून अर्धा ब्रास मागवला की पुरून उरतो. बैलहोंगल, सौंदत्तीकडं घर असेल तर चार कन्नड शब्द कामाला येतात: मण्णु म्हणजे माती, केम्मण्णु म्हणजे तांबडी माती, उसुकु म्हणजे वाळू, गोब्बर म्हणजे खत. तोडकंमोडकं बोललात तरी समोरच्याला बरं वाटतं, आणि माल दाखवताना तो दोन गोष्टी जास्त सांगतो.

काम सुरू करण्याआधी गवत अगदी बुडाशी कापा. दाताळ्यानं वाळकं सगळं ओढून काढा आणि काटेरी फावड्यानं वीतभर अंतरावर तीन इंच खोल भोकं पाडा. मग घमेल्यानं छोटे छोटे ढीग टाकायचे आणि शेतात फळी मारतात तशी फळी ओढायची. शेवटी खराटा फिरवा. पात्यांची टोकं मातीच्या वर दिसलीच पाहिजेत. एका वेळी अर्ध्या इंचाहून जास्त थर दिला तर खालचं गवत गुदमरून कुजतं. खड्डा खोल असेल तर तिथलं गवत मुळांसकट तीन बाजूंनी कापून गोधडीसारखं उलटा, खाली माती भरा, परत पसरा आणि पायानं दाबा.

सपाट म्हणजे टेबलासारखं सपाट नव्हे. इथला जुलैचा पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही. दोन खुंट्यांना दोरी बांधून बघा, घरापासून बाहेर दर चार फुटांना एक इंच उतार हवा. नाहीतर पाणी भिंतीशी मुरतं.

टक्कल पडलेल्या जागी बी टाकण्याआधी आपलं गवत कुठलं ते पाहून घ्या. मेक्सिकन असेल तर बी टाकू नका, त्याचे ठोंब लावतात. हरळीच्या जातीचं, म्हणजे बर्म्युडा असेल तर बी चालतं. परदेशी व्हिडिओंत दाखवतात ते फेस्क्यू आणि राय थंड मुलखाचं गवत आहे, आपल्या एप्रिलच्या उन्हात ते टिकत नाही. १००० चौरस फुटांना अर्धा ते एक किलो बी पुरे. बी फार बारीक असतं, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून आधी उभं, मग आडवं फेका. वर मातीचा नुसता हात फिरवा, खोल गाडलं तर उगवत नाही. मुंग्या बी ओढून नेतात आणि चिमण्या टिपतात, त्यासाठी ओलं बारदान अंथरा आणि कोंब दिसले की लगेच काढा. दोन आठवडे झारीनं दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी द्यावं लागतं. तुमच्या भागात नळाला कधी पाणी येतं हे शेजाऱ्यांना विचारूनच मुहूर्त ठरवा.

मुहूर्त दोनच. एक, मेच्या मध्याला, वळवाचे एक-दोन पाऊस झाल्यावर. मृगाच्या आधी मुळं धरतात. दुसरा सप्टेंबरमध्ये, पावसाचा जोर ओसरल्यावर. जून-जुलैत टाकलेलं बी गटारीत वाहून जातं, आणि डिसेंबरच्या थंडीत हरळी वाढायचं नाव घेत नाही.

कोंब दोन इंचांचे झाले की धारदार पात्यानं पहिली कापणी करा, वरचा तिसरा हिस्साच घ्या. मेमध्ये पेरलेलं गवत गणपतीपर्यंत चांगलं धरलेलं असतं. कोपऱ्यातली हातभर जागा तेव्हा न कापता ठेवा. आमच्या गल्लीत आजूबाजूच्या बायका दूर्वा खुडायला येतात, कन्नड घरातल्या गरिके म्हणत येतात. हिंदवाडीत मला सगळे ओळखू लागले ते त्याच कोपऱ्यामुळं.