घरचे जुने कागद कसे राखावेत: गोव्यातल्या घरांसाठी

गोव्यातल्या जुन्या घरातली कागदांची पेटी उघडली की तीन लिप्या हाताला लागतात: मोडी, रोमन आणि बाळबोध. मोडीत देवाणघेवाणीच्या वह्या आणि नातलगांची पत्रं, पोर्तुगीजमध्ये जन्मदाखले आणि भाटांची, म्हणजे बागायती जमिनींची, खरेदीविक्रीची खतं, आणि १९६१ नंतरचं सगळं इंग्रजी-मराठीत. हे सगळं वाचू शकणारा माणूस घरात असलाच तर एखादा असतो. १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाला तेव्हा जो बारा वर्षांचा होता तो आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, आणि पोर्तुगीज शाळेत शिकलेली ती शेवटची पिढी. मोडी वाचणारे तर त्याहून विरळ.

म्हणून माझं ठाम मत असं, की कागद जपायचं काम स्कॅनरपासून सुरू करू नये. ते माणसांपासून सुरू करावं. नीट ठेवलेला कागद आणखी पन्नास वर्षंही टिकेल, पण तो समजावून सांगणारं माणूस तितका काळ असणार नाही.

आधी विचारून घ्या

यासाठी चवथीसारखी, म्हणजे गणेशचतुर्थीसारखी, वेळ नाही. मुंबई-पुण्याची, बेळगावची सगळी माणसं मूळ घरी आलेली असतात, थोरली आत्या असते, काका असतात. माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची चौकट) बांधून झाली, आरत्या आटोपल्या, की दुपारी फोटोंचा आल्बम काढून त्यांच्याजवळ बसा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि एकेका फोटोवर बोट ठेवून विचारा: हे कोण, कुठल्या घरचे, साल कुठलं, मागे दिसतंय ते देऊळ कुठलं. बोलताना फोटोचा क्रमांक मोठ्याने म्हणा, म्हणजे पुढे ऐकताना कुठल्या फोटोबद्दल चाललंय ते कळेल. फोटोच्या पाठी बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उठतो. मऊ शिसपेन्सिलने कडेला फक्त क्रमांक घाला.

जमिनीच्या कागदांबद्दल एक प्रश्न मात्र न चुकता विचारा: या खतातलं भाट म्हणजे आजची कुठली जागा? पोर्तुगीज काळातल्या खतात जमीन तिच्या नावाने आणि चतुःसीमेने सांगितलेली असते, सोबत त्या वेळचे नोंदणी आणि करवहीचे क्रमांक असतात. आजचा सर्व्हे नंबर त्यात नसतो, तो मुक्तीनंतरच्या मोजणीत आला. जुनं नाव आणि नवा नंबर यांना जोडणारा दुवा पुष्कळदा फक्त एखाद्या म्हाताऱ्या काकांच्या डोक्यात असतो. 'ओहोळाच्या पल्याडची ती, जिथे आपला माड वीज पडून गेला' एवढं त्यांनी सांगितलं तरी पुढे वकिलाचं कितीतरी काम हलकं होतं.

कागद केव्हा उघडावेत

विचारपूस चवथीला, पण कागद उघडणं दिवाळीनंतर. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की कागद पाणी ओढून घेतो, फुगतो, शाई सैल होते, आणि दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. दिवाळी ते शिगमो, म्हणजे होळीपर्यंतचे, हे दिवस कोरडे. त्या काळात एखाद्या सकाळी स्वच्छ चादर अंथरून पेटी रिकामी करा. उन्हात वाळत घालू नका, उन्हाने शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. सावलीत वारा लागू दे.

धूळ मऊ ब्रशने झाडा. टाचण्या आणि स्टेपल काढा. गोव्यात लोखंडाला किती लवकर गंज चढतो ते वेगळं सांगायला नको, आणि तो गंज कागदाला आरपार भोक पाडतो. टाचणी अडकली असेल तर ओढू नका, तिच्याखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून हळू उचला. रबर बँड, जुन्या प्लॅस्टिकच्या चिकट फायली काढून टाका. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका: काही वर्षांत ती पिवळी पडून सुटते आणि तिचा डिंक कागदातच राहतो.

लॅमिनेशन करू नका. जन्मदाखला जपायचा म्हणून झेरॉक्सच्या दुकानात नेऊन गरम मशीनमधून काढलेला मूळ कागद पुन्हा कधी मोकळा होत नाही, आणि त्यावरचा उठावाचा शिक्का दाबून सपाट होतो. एखाद्या कचेरीत कागदाचा खरेपणा तपासायची वेळ आली तर तोच शिक्का बोटाने चाचपून पाहतात.

ठेवायला जुनी पद्धत अजूनही उत्तम: सुती कापडाचा रुमाल. कापड नवं असेल तर दोनदा धुऊन खळ काढा, खळीला कसर लागते. गठ्ठा कपाटात, जमिनीपासून वर, आणि बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकलेला नको, कारण पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही टाळा.

पाणी शिरून कागद भिजलेच तर पंख्याखाली एकेक सुटा पसरा. बुरशी दोन दिवसांत धरायला लागते. कागद फार असतील आणि तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल, तर थोडे थोडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे बुरशी थांबते आणि तुम्हाला सवड मिळते.

स्कॅन करताना

स्कॅनर नसला तरी अडत नाही. ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) घेतला तर साधारण पावणेनऊ मेगापिक्सेल होतात, म्हणजे आजच्या बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यांत भागतं. फोटो मात्र शक्यतो स्कॅनरवर ६०० डीपीआयने घ्यावेत, लहान फोटो मोठा करायचा असेल तर तेवढं लागतं.

खिडकीजवळ, थेट ऊन नसेल अशा उजेडात कागद सपाट ठेवा, फ्लॅश बंद, मोबाइल बरोबर वरून. कागदाच्या चारही कडा चौकटीत आल्या पाहिजेत. दोन्ही बाजू घ्या, मागची कोरी वाटली तरी. जुन्या मुद्रांक कागदावर मागच्या बाजूला बऱ्याचदा नोंदणीचा शेरा, तारीख किंवा कोणीतरी पेन्सिलने लिहिलेला हिशेब असतो.

स्कॅनिंगची ॲप स्वतःहून कागद पांढराशुभ्र करून देतात. ते दिसायला छान, पण फिकट जांभळा शिक्का, पाण्याचा ठसा, समासातली पेन्सिलची खूण हे सगळं त्या सफाईत धुऊन जातं. तो पर्याय बंद करा आणि मूळ रंगात घ्या. वाचायला सोपी काळी-पांढरी प्रत हवी तर वेगळी करा. फोटो टिफ किंवा चांगल्या दर्जाच्या जेपेगमध्ये, अनेक पानांचा दस्त पीडीएफमध्ये. सॉफ्टवेअरमध्ये 'पीडीएफ/ए' दिसलं तर तेच निवडा. लागणारे फाँट आणि रंगांची माहिती त्याच फायलीत राहावी म्हणून ते प्रमाण २००५ मध्ये ठरलं.

आणि हे व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवू नका, तिथे फोटो दाबून लहान होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

नाव द्या, माहिती लिहा

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम हे. 'आयएमजी' आणि पुढे चार आकडे अशा नावाच्या तीनशे फायली म्हणजे पेटीतला गोंधळ संगणकात आणण्यासारखं. नावात साल आधी, मग महिना आणि दिवस, मग कागदाचा प्रकार, मग गाव. उदाहरणार्थ: '१९४८-०३-१२ विक्रीखत फोंडा पान-१'. साल पुढे असलं की फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. साल ठाऊक नसेल तर '१९४०-चे-दशक' लिहा, अंदाजाची खोटी तारीख नको.

त्याबरोबर एक साधी तक्त्याची फाइल करा. प्रत्येक कागदापुढे लिहा: कसला कागद, कोणाकोणात झाला, जमीन कुठली आणि आजचा सर्व्हे नंबर, भाषा व लिपी, कोणी वाचून सांगितलं आणि कधी, मूळ कुठे ठेवलंय. नावं दस्तात जशी आहेत तशी आणि आज आपण लिहितो तशी, दोन्ही लिहा. जुन्या दस्तात कामत 'कामोतीं' असतात, प्रभू 'पोरोब' असतात, शेणवी 'सिनाय' होतात. गाव साखळी असतं आणि कागदावर 'सांकेलिम'. एकच रूप लिहिलं तर तुमच्या नातवाला शोधून सापडणार नाही.

लग्नाच्या नोंदी वेगळ्या गटात ठेवा. आपल्याकडे नागरी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरली जाते, विक्रीला दोघांचीही संमती लागते. त्यामुळे वारसाहक्काचं प्रकरण उभं राहिलं की आजोबांच्या जन्मदाखल्याइतकीच आजी-आजोबांच्या लग्नाची नोंद लागते, आणि शोधाशोध तिथेच सुरू होते.

मूळ टाकून देऊ नका

स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत घालणारे लोक आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून कोर्टापुढे आला तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर खरं धरण्याची मुभा न्यायालयाला आहे. आधी ती पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये आहे. तुमच्या मोबाइलमधल्या फोटोला ती सवलत नाही.

डिजीलॉकर, म्हणजे दाखले ऑनलाइन ठेवायची सरकारी सोय, याबद्दलही असाच एक फरक ध्यानात ठेवा. खात्याने थेट तिथे दिलेला दाखला, म्हणजे 'इश्यूड' भागातला, कायद्याने मुळाच्या बरोबरीचा. तुम्ही स्वतः चढवलेला स्कॅन ही केवळ साठवलेली प्रत.

तीन प्रती, दोन प्रकार, एक घराबाहेर

एकूण तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक वेगळ्या गावात. एक हार्डडिस्क घरी, एक पुण्याच्या बहिणीकडे, एक क्लाउडवर, इतकं साधं. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पेनड्राइव्हमधला मजकूर जाऊ शकतो. हार्डडिस्क पाचेक वर्षांनी बदला, बंद पडायची वाट पाहू नका. दसऱ्याला वह्या-पुस्तकांची पूजा करतो, त्याच दिवशी डिस्क जोडून दहा-वीस फायली उघडून पाहा. वर्षातून एकदा तपासायला तो मुहूर्त चांगला.

आपल्या भाषेपुरती एक अडचण इथेच सांगतो. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही पुष्कळ मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप झाला: देवस्थानाच्या स्मरणिका, कुळवृत्तांत, वडिलांची भाषणं. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात, नाही. फाँट गेला की पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. अशा फायली आज ज्या संगणकावर नीट उघडतात तिथेच लगेच पीडीएफ करून घ्या, मग फाँट-परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं ताडून पाहा. र्‍ह, ऱ्य, रफार इथे चुका हमखास राहतात. छापील प्रत असेल तर ती शेजारी ठेवूनच वाचा.

कोणाला काय दाखवायचं

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुने फोटो जरूर टाका. खतं, आधार, सह्यांचे नमुने टाकू नका. बनावट कागदांनी जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी गोवा सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं होतं, आणि विशेषतः परदेशी गेलेल्यांची, बंद पडलेली घरं जमिनी लाटणाऱ्यांच्या नजरेत असतात. आधार द्यायचंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत द्या. आपल्या जमिनीचा फॉर्म एक व चौदा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा उतारा, ज्याला सगळे वन-फोर्टीन म्हणतात, तो ऑनलाइन पाहता येतो. सहा महिन्यांनी एकदा पाहा, नावं तीच आहेत ना.

सरकारी कागद राखायची व्यवस्था गोव्यात १५९५ पासून आहे, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कौतु तिचे पहिले राखणदार. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीजबरोबर मोडी कागदही आहेत. घरातला एखादा कागद हरवला असेल तर त्याची नोंद तिथे किंवा नोंदणी कचेरीत सापडते का ते विचारून पाहावं, मात्र साल आणि गाव ठाऊक असेल तरच शोध लवकर लागतो. पत्रं, रोजनिश्या, नाटकांच्या हस्तलिखित वह्या यांची मात्र दुसरी प्रत कुठेच नसते. वेळ थोडा असेल तर खतांच्या आधी त्याच स्कॅन करा.

राहता राहिली खाती. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसायचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. तुमच्यामागे ते कोणाच्या हाती जावं हे 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये आज ठरवून ठेवता येतं. तीन ते अठरा महिन्यांची मुदत तुम्हीच निवडायची. आयफोनवर त्यासाठी 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. याशिवाय एका कागदावर लिहा: डिस्क कुठे, तिचा पासवर्ड काय, क्लाउडचं खातं कुठलं, रुमाल कुठल्या कपाटात. तो कागद पाकिटात बंद करून घरच्या दोघांना जागा सांगा, त्यातला एक पुढच्या पिढीतला असू दे.