जुनं डंजन नव्या नियमांत कसं चालवावं

१९८० च्या आसपासचं एखादं डंजन (राक्षस, सापळे आणि खजिन्याने भरलेलं भुयार) ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०१४ किंवा २०२४ च्या नियमांत चालवायचं ठरलं की बहुतेक डीएम (खेळ चालवणारे) आधी आकडे बदलायला बसतात, आणि काम तिथेच बिघडतं. मशाल विझत आलीय, पिशवी सोन्याने जड झालीय आणि परतीच्या वाटेवर कुणाची तरी चाहूल लागतेय, ही कोंडी म्हणजे जुना खेळ. तेव्हा आकडे नव्या आवृत्तीच्या बेताने ठेवा आणि वेळ, उजेड, धीर, सोनं यांचे नियम जुन्यातून उचला.

मॉन्स्टर. १९८१ च्या बेसिक नियमांतल्या ऑर्क या राक्षसाला एकच हिट डाय (जीव ठरवणारा फासा), म्हणजे सरासरी चार-पाच हिट पॉइंट (जीवाचे गुण). नुकसान १ ते ६. २०१४ च्या ऑर्कला १५ हिट पॉइंट आणि परशूचा घाव डी१२ (बारा बाजूंचा फासा) अधिक ३. जुन्या खोलीत सहा ऑर्क आहेत म्हणून नवे सहा ठेवलेत, तर पहिल्या लेव्हलची चौघा खेळाडूंची टोळी दोन-तीन फेऱ्यांत आडवी होईल. २०१४ च्या हिशेबात दोन ऑर्क ही चौघांसाठी अवघड लढाई, तीन जीवघेणी.

गर्दी हवीच असेल तर सहा ठेवा, पण प्रत्येकाला ५ हिट पॉइंट, हल्ल्याला अधिक ३ आणि नुकसान डी६ द्या. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ऑर्कचा वेगळा स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) नाहीच, त्यामुळे तिथे हाच मार्ग सोपा.

आर्मर क्लास (घाव लागणं किती कठीण ते सांगणारा आकडा; जुन्यात कमी तितका चांगला, नव्यात जास्त तितका) बदलताना पुस्तक कोणतं ते आधी बघा. बेसिकचा आकडा १९ मधून वजा करा, त्याच काळच्या ‘ॲडव्हान्स्ड’ नियमांचा २० मधून. कारण चिलखत नसलेल्या माणसाचा आर्मर क्लास बेसिकमध्ये ९ होता, ॲडव्हान्स्डमध्ये १०. बेसिकच्या ऑर्कचा ६ असा १३ होतो, आणि २०१४ च्या ऑर्कचाही १३ च आहे. उत्तर २० च्या वर गेलं तर २० वरच थांबा. नव्या नियमांत हल्ल्याचा बोनस फार सावकाश वाढतो, २३ चा आर्मर क्लास म्हणजे सगळ्या टेबलाला तासभर कंटाळा.

थॅको (घाव लागायला फाशावर किती हवं ते आर्मर क्लास वजा करून काढायची जुनी पद्धत) मात्र परत आणू नका. आर्मर क्लास वर चढत जाणं ही २००० च्या तिसऱ्या आवृत्तीतली सुधारणा निव्वळ फायद्याची आहे. उलट्या वजाबाकीत कसली आलीय मजा!

वेळ आणि उजेड. कागदावर चौकटी आखा, एक चौकट म्हणजे दहा मिनिटं. खोली नीट धुंडाळली, कुलूप उघडलं, की एक चौकट खोडून टाका. दर दोन चौकटींनी डी६ टाका. १ आला तर भटकं मॉन्स्टर. मशाल सहा चौकटी चालते. शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) तासाभराचीच ठेवा, पण त्या तासात तीनदा फासा पडतो, म्हणजे काहीतरी येण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के. लाँग रेस्ट (पूर्ण झोप) फक्त गावात. डंजनमध्ये झोपून सगळे हिट पॉइंट परत मिळाले, तर वरच्या चौकटी शोभेच्या.

लाइट कँट्रिप (कितीही वेळा फुकट टाकता येणारी उजेडाची जादू) मशालीचं मोल संपवते. ती पहिल्या लेव्हलचा मंत्र करा, पण हे कॅरेक्टर बनवण्याआधी सांगा. मध्येच काढून घेतली की भांडण ठरलेलं. डार्कव्हिजनला (अंधारात दिसणाऱ्या नजरेला) हात लावू नका, फक्त मूळ नियम पाळा: मिट्ट अंधार तिला मंद उजेडासारखा दिसतो, म्हणून नजरेने शोधताना डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा) आणि पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता काय लक्षात येतं त्याचा आकडा) ५ ने कमी. सापळे आपोआप मशाल पेटवायला लावतात.

सोन्याचे एक्सपी (लेव्हल चढवणारे अनुभवाचे गुण). इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. बेसिकमध्ये सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी, पण फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २००० लागत. आता ३०० पुरतात. जुना दर तसाच ठेवला तर पहिल्याच खजिन्यात टोळी दोन-तीन लेव्हल चढेल. पहिल्या लेव्हलला सात नाण्यांना एक एक्सपी द्या, दुसऱ्या लेव्हलला तीन नाण्यांना, तिसरीपासून पाचवी गाठेपर्यंत दोन नाण्यांना. ऐवज गावात सुखरूप पोचल्यावरच मोजा.

मॉन्स्टर मारण्याचे एक्सपी दहाव्या हिश्श्यावर आणा. तेव्हा ऑर्कला १० मिळत, २०१४ मध्ये १००. हे केलं नाही तर टोळी चोरून निसटण्याऐवजी प्रत्येक दार फोडत सुटते. आणखी एक खाचखळगा: प्लेट चिलखत बेसिकमध्ये ६० नाण्यांना होतं, आता १५०० ला. जुन्या खजिन्यात तेही लवकर परवडतं, म्हणून गावच्या लोहाराकडे ते ठेवूच नका.

धीर. पहिला साथीदार पडल्यावर आणि निम्मे पडल्यावर मॉन्स्टरसाठी दोन डी६ टाका. बेरीज मोरालच्या (त्या मॉन्स्टरच्या धीराच्या आकड्याच्या) वर गेली की ते पळतात. ऑर्कचं मोराल ८, म्हणजे दर वेळी सुमारे २८ टक्के; गॉब्लिनचं ७, सुमारे ४२. नव्या नियमांत पळणाऱ्यावर ऑपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटताना बसणारा जादा घाव) बसतो आणि पळणारे तिथेच मरतात, म्हणून मोराल तुटलेल्याला डिसएंगेज (असा घाव न खाता निसटणं) फुकट द्या.

खेळाडूंच्या पळण्याचीही सोय हवी. दोघांचाही वेग ३० फूट असला तर पाठलाग संपतच नाही. त्यावर बेसिकचा उपाय अजून चोख आहे: पळताना अन्न टाकलं तर बुद्धी नसलेलं मॉन्स्टर, आणि खजिना टाकला तर बुद्धी असलेलं, डी६ वर १ ते ३ आल्यास थांबतं. टाकलेलं सोनं एक्सपीत धरायचं नाही.